बाईंनी लॅपटॉपचा दसरा काढला

घटस्थापनेच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू धुऊन निघालीच पाहिजे, हा आमच्या घरमालकीणबाईंचा कायदा होता. मराठवाड्यात याला दसरा काढणं म्हणतात. गोधड्या, पडदे, डबे, पितळेची भांडी, पार दाराच्या कड्यासुद्धा. लॅपटॉप काही नळाखाली धरता येत नाही, हे बाईंना मोठ्या नाइलाजानं मान्य करावं लागलं. मग त्यांनी त्याचा दसरा आतून काढायला सुरुवात केली. म्हणजे आत असेल-नसेल ते सगळं पुसायचं आणि सिस्टीम पहिल्यापासून नवी टाकायची. दर वर्षी. मशीन अगदी गुणी बाळासारखं चालत असलं तरी.

"अहो बाई, पण बिघडलंय काय त्याचं?" पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.

"गोधडी काय बिघडल्यावर धुतेस का गं तू?"

कप्पाळ!

गारखेड्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको भाड्यानं राहायचो. मी चितेगावच्या एका कंपनीत तपासणी विभागात होते, अजूनही आहे. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. नोकरीची बरीच वर्षं पाचोडच्या शाळेत पोरांवर ओरडण्यात काढलेली, त्यामुळं आवाज असा, की त्यांनी अंगणातून हाक मारली तर वरच्या मजल्यावर माझ्या हातातला चमचा पडायचा. मला नावानं त्यांनी कधीच हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'वरची'. "ए वरची, पाणी आलंय!" आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा सणच असतो. ते कधी येईल ते सांगता येत नाही आणि आलं की बाकी सगळं जग थांबतं. बाई त्या दिवशी पदर खोचून उभ्या राहायच्या आणि टाकी भरेपर्यंत कुणाशी गोड बोलायच्या नाहीत.

लॅपटॉपवर मात्र त्यांचा जीव होता. त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असायचा. त्याच्याशी त्या बोलायच्या तेही वर्गातल्या पोराशी बोलल्यासारखं. पडद्यावर इंग्रजीत काही तक्रार उमटली की चष्मा वर सरकवून ती मोठ्यानं मराठीत वाचायच्या आणि मग उलटतपासणी घ्यायच्या. "फाईल सापडत नाय म्हणतो. सापडत नाय म्हंजे? काल माझ्यासमोर ठेवली तू. दप्तरात नीट बघ!" आणि खरं सांगते, बऱ्याचदा दुसऱ्यांदा दाबल्यावर ती फाईल उघडायची. बाई माझ्याकडं अशा बघायच्या, की बघ, मारावं लागत नाय, नुसतं रोखून बघितलं तरी पुरतं.

आता हे यंत्र या घरात आलं कसं, ते सांगायला हवं.

बाईंचा एकुलता एक मुलगा बायकोसह बेंगळुरूला. कॉम्प्युटरच्याच कंपनीत, मोठ्या हुद्द्यावर. वडील गेल्यापासून "आई, तू इकडं ये" असा त्याचा धोशा आणि "मी माझ्या घरात बरी आहे" हे बाईंचं ठरलेलं उत्तर. एका पाण्याच्या दिवशी बाई ओल्या पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. हे आम्ही या घरात यायच्या आधीचं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून त्या रोज मुलाशी साध्या फोनवर बोलायच्या आणि म्हणायच्या, "मी? मस्त आहे की." दिवाळीला तो आला, दार उघडलं, आणि हात बघून उंबऱ्यातच बसला म्हणे.

त्यानंतर त्यानं आवाजावर विश्वास ठेवणं सोडलं. लॅपटॉप आणून दिला आणि अट घातली. रोज सकाळी आठला आईनं कॅमेऱ्यासमोर यायचं. दोन्ही हात दाखवायचे, उभं राहून एक चक्कर मारायची. मशीन आईनं स्वतः चालवायचं, दुसऱ्याच्या फोनवरून चालणार नाही. "ज्या दिवशी तुला हे जमणार नाही, त्या दिवशी मी येऊन तुला घेऊन जाईन. मग वाद नाही." बाईंनी अट मान्य केली. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेल्या बाईंना म्हातारपणी स्वतः हजेरी द्यावी लागली. पण घर राहिलं.

त्यामुळं ते मशीन म्हणजे नुसतं मशीन नव्हतं. ते चालू होतं तोवर बाई गारखेड्यात. बंद पडलं की बेंगळुरू.

कॅमेऱ्यावर एरवी टिकली चिकटवलेली असायची. आठला पाच कमी असताना बाई ती टिकली नखानं काढून स्वतःच्या कपाळाला लावायच्या, केस सारखे करायच्या आणि ताठ बसायच्या. हजेरी झाली की टिकली परत कॅमेऱ्यावर. "दिवसभर कोण बघून घेईल!" म्हणायच्या. मी एकदा हळद मागायला गेले तेव्हा हजेरी चालू होती. बाई हात पुढं करून बोटं हलवून दाखवत होत्या. पडद्यावर मुलाच्या जागी नुसता काळा चौकोन आणि त्यातून आवाज. "दिसतंय आई, बस आता. जेवलीस ना रात्री?" तो स्वतः कधी दिसायचाच नाही. मीटिंग असते, नेट पुरत नाही, अशी काहीतरी कारणं असायची. बाईंना त्याचं काही वाटत नसे. पोरगं कामात आहे, एवढंच.

बाईंना राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. तो तिकडून त्यांच्या मशीनमध्ये शिरायचा. तशी काही सोय त्यानं आत घालून ठेवली होती. बाई निवांत भजन ऐकत बसलेल्या असताना पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागायचा. हे उघड, ते बंद कर, मागचं चित्र बदल. "कोण रे तिकडं?" असं त्या पडद्याला ओरडायच्या. एकदा त्यांनी कोरं पान उघडलं आणि त्यावर एकेक अक्षर शोधत टाईप केलं, 'चहा घेतलास का'. बाण थबकला. खूप वेळ तसाच थांबला. मग खाली अक्षरं उमटली, 'हो आई'. एवढंच, आणि बाण निघून गेला. हे सांगताना बाई हसत होत्या, पण लगेच म्हणाल्या, "तरी पण बेल वाजवून यावं माणसानं. मी काय त्याच्या कपाटात हात घालते का?"

म्हणून दसऱ्याच्या नावाखाली त्या मशीन पुसायच्या, असं माझं मत. त्यानं आत बसवलेलं सगळं त्यात धुऊन जायचं. मग तो फोनवर विचारायचा, "आई, मी टाकलेलं कुठं गेलं?" आणि बाई गरीब आवाजात म्हणायच्या, "मला बाई त्यातलं काय कळतं?" लबाड! सगळं कळायचं.

सुरुवातीला हे काम पैठण गेटजवळचा एक दुकानदार करून द्यायचा. त्यानं दोनदा केलं. तिसऱ्यांदा बाई आत शिरताना दिसल्या तसे त्यानं हातच जोडले. "टीचर, आप घर में झाडू मारो, इसमें नक्को मारो. अच्छा चल रहा ना ये!" बाई त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "भैया, धूळ अंदर में बैठती है. बाहेर से नहीं दिखती." तो म्हणाला, धूळ असेल तर मी फुंकून देतो, पण हे पुसायचं काम माझ्याच्यानं होणार नाही. बाई तिथून तरातरा निघाल्या आणि मला कामाला लावलं. आमच्या कंपनीत मशीन नवं करताना मी बघितलेलं होतं, एवढंच माझं ज्ञान. मी फुकट मिळणारी एक साधी सिस्टीम पेनड्राईव्हवर भरून दिली. तो पेनड्राईव्ह बाईंनी कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला, कपाटाच्या किल्लीशेजारी, आणि पुढचे दसरे त्या स्वतःच काढायला लागल्या.

आणि मग ते वर्ष आलं.

पितृपक्ष संपत आला होता. अंगणातल्या दोरीवर गोधड्या वाळत होत्या. मी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून आले तर बाई जिन्यापाशी उभ्या.

"वरची, जरा आत ये. हा उठंना झालाय."

आत जाऊन बघते तर काळा पडदा आणि वर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. बाईंनी ती आधीच वाचून ठेवली होती. "चालू व्हायजोगं काही सापडलं नाय म्हणतो. मी तीनदा रोखून बघितलं. बधत नाय."

"बाई, काय केलंत?"

"नेहमीचंच. फक्त औंदा जरा नीट केलं."

नीट म्हणजे काय, ते हळूहळू बाहेर आलं. सिस्टीम टाकताना मशीन विचारतं, जागेची वाटणी मी करू का तुम्ही करता? दर वर्षी बाई 'तू कर' म्हणायच्या. औंदा म्हणाल्या, मी करते. तर समोर यादी आली. एक मोठा भाग आणि त्याच्या आजूबाजूला बारके बारके तुकडे. बाईंना ती कोपऱ्यातली जळमटं वाटली. एकेक करत सगळी उडवली. "मी एकटी बाई, मला एवढ्या खोल्या कशाला? सगळ्याचा मिळून एक हॉल केला."

"मशीननं सांगितलं नाही का, असं करू नका म्हणून?"

"सांगितलं की. लांबलचक सूचना आली होती."

"मग?"

"जन्मभर मी सूचना दिल्यात. आता मशीनच्या ऐकू काय?"

मी डोक्याला हात लावला. फोनवर शोधून शोधून मला जे कळलं ते त्यांना सांगितलं. त्या बारक्या तुकड्यांमधला एक फार महत्त्वाचा असतो. मशीन जागं झालं की सगळ्यात आधी तिथं जातं, आणि तिथं त्याला पुढं कुठं जायचं ते कळतं. तो नसला तर एवढी मोठी सिस्टीम आत असूनही त्याला सापडत नाही.

बाई मग म्हणाल्या, "म्हंजे तो उंबरा होता. अगं बाई! मी उंबराच उपटून फेकला."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चुकली. बाईंनी साध्या फोनवरून सांगितलं, पाणी आलंय, आज येत नाही. त्यानं ऐकून घेतलं. मला त्या दिवशी कंपनीत बाहेरचे तपासनीस आलेले, सुट्टी मिळेना. त्याच्या पुढच्या सकाळी बाई म्हणाल्या, लाईट नाही. तो म्हणाला, "आई, खोटं बोलू नकोस. मागं तुझा पंखा वाजतोय." मग म्हणाला, "मी उद्या दुपारी पोचतो. बॅग भरून ठेव."

त्या संध्याकाळी बाई पायरीवर बसलेल्या होत्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. एरवी बसल्या तरी हातात तूरडाळ नाहीतर मेथीची जुडी असायची.

"वरची, त्याच्याकडं लई उंचावर घर आहे. खाली बघितलं की माणूस ओळखू येत नाय. तिथं मी कुणाला हाक मारू गं?"

मला राग आला. माझ्यावर, त्या मशीनवर, बेंगळुरूवर. सकाळी मी कंपनीत कळवून टाकलं, पोट बिघडलंय. आणि खाली जाऊन बसले.

पेनड्राईव्ह लावला. पण मशीन त्याच्याकडं बघायलाच तयार नाही. सुरू होताना वरच्या रांगेतली एक कळ दाबायची असते. बाईंनी ती एकदा, शांतपणे दाबली.

"बाई, पुन्हा पुन्हा दाबा. टकाटका."

"एकदा सांगितलेलं कळायला पाहिजे. भीक मागतेय का मी?"

"बाई, दुपारी तो येतोय!"

मग बाईंनी अशी काही टकटक लावली, की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. मशीन घाबरून उघडलं. लगेच नवी तक्रार. पेनड्राईव्हवरची वस्तू ओळखीची नाही, आत घेणार नाही. हे आधी कधी म्हणालं नव्हतं. विचारलं तर बाईंनी स्वच्छतेच्या भरात आतल्या सेटिंगसुद्धा मूळ पदावर नेऊन ठेवल्या होत्या. "तिथंही धूळ असणारच की." त्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन मी अनोळखी वस्तू अडवणारा तो पहारा बंद केला. पुन्हा टकटक. आता गाडी पुढं सरकली. वाटणीचा प्रश्न आला. बाईंनी माझा हात बाजूला केला, चष्मा वर सरकवला, सूचना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, "तूच कर बाबा. तुला तुझं घर माहीत."

सिस्टीम बसली. मशीन बंद होऊन परत सुरू झालं, आणि समोर पुन्हा तोच पहिला पडदा. कोणती भाषा हवी? बाई ओरडल्या, "अगं, हा परत पहिलीत जाऊन बसला!" तेवढ्यात मला पेनड्राईव्हचा लाल दिवा दिसला. तो काढायचाच राहिला होता. तो लागलेला असेपर्यंत मशीन त्याच्याकडंच जाणार. ओढून काढला. पुन्हा सुरू केलं. थोडा वेळ काळं, मग उजेड, आणि मागं डोंगराचं कसलंसं चित्र. बाईंनी माझा गाल इतक्या जोरात ओढला, की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

आम्ही चहा ठेवला आणि फाटकाशी गाडी थांबली.

मुलगा आत आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. इस्त्रीचा शर्ट, पण खांद्यावर लोंबणारा. दाढी पांढरी. त्यानं आईला नमस्कार केला आणि सरळ मशीनपाशी जाऊन बसला. उघडझाप केली, आतबाहेर बघितलं. "कुणी केलं हे?"

"मी," बाई म्हणाल्या. "वरची होती वाचून दाखवायला."

तो हसला. म्हणाला, "बरं बाई. जिंकलीस. राहा इथंच."

मला नाचावंसं वाटलं. पण बाई जिंकल्याबिंकल्या काही दिसत नव्हत्या. त्या त्याच्या मनगटाकडं बघत होत्या. घड्याळ पार कोपराकडं घसरत होतं.

"सूनबाई कशी आहे?"

"बरी आहे."

"कुठं आहे?"

तो मशीन मिटायला लागला. बाईंनी वर हात ठेवला. "मी विचारलं, कुठं आहे?"

"तिच्या आईकडं. वर्ष होत आलं." मग खाली बघूनच म्हणाला, "तुझा हात मोडला होता तेव्हा तू मस्त आहे म्हणायचीस ना. मीही तेच म्हणत होतो. कॅमेरा लावला असता तर मागचं रिकामं घर दिसलं असतं तुला."

मी उठून जायला हवं होतं. पण पाय निघाला नाही. बाई उठल्या, तवा ठेवला, पिठात पाणी घातलं. भाकरी थापायचा आवाज येत राहिला. त्यानं बसल्या जागी भाकरीमागून भाकरी खाल्ली, ठेच्यासोबत, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते ठेच्याचं नव्हतं. खाऊन झाल्यावर म्हणाला, "आई, चल ना तू." आता त्या बोलण्यात अट नव्हती, हुकूमही नव्हता.

बाई म्हणाल्या, "चल."

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून मरमर केली ती कशासाठी? त्या आतल्या खोलीत बॅग भरत होत्या, मी मागोमाग गेले. त्यांनी दोन नऊवारी, एक पितळेचा कलश आणि घटाला लागते ती काळी माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घेतली होती. पाचोडहून आणवलेली. गहू, ज्वारी, हळकुंडं, सगळं एका पुडीत.

"बाई, तुम्हाला शुद्ध आहे का? तो राहा म्हणतोय, आणि तुम्ही निघालात! तिथं हाक कुणाला मारणार तुम्ही?"

त्यांनी दार लोटलं. बाहेर मुलगा तसाच बसला होता, सोफ्यावर डोकं टेकवून, डोळे मिटून. बाईंचा तो अंगणभर जाणारा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा कुजबुजताना ऐकला.

"येडी का तू? मी राहायला नाय चालले. त्याला घरी आणायला चाललेय. त्याला सांगू नको."

आणि संक्रांतीच्या आत त्या त्याला घेऊन आल्या.